अंबाबाईचा चौथरा

बेल्ह्याच्या बैलबाजारात माझं दोरखंडाचं पाल असतं. दावी, कासरे, वेसणी, घुंगुरमाळा. माझे वडील हेच विकायचे, मीही तेच विकत म्हातारा झालो. गेणभाऊंची आणि माझी ओळख त्या पालावरची. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याकडून दावं घेतल्याचं मला आठवत नाही. कासरा घ्यायचा तर आधी स्वतःच्या मनगटाला गुंडाळून ओढून बघायचे. म्हणायचे, "हनीफभाई, मला टोचला तर बैलाला बी टोचंल." पसंत पडला की खांद्यावर टाकायचे आणि माझ्याबरोबर चहा पिऊनच निघायचे.

त्यांची जमीन जुन्नरच्या वेशीबाहेर, रस्त्याला लागून. वीस गुंठेच, पण पाण्याची. कांदा, गवार, कधी मेथी-कोथिंबीर. एका वैशाखात गवार तोडता तोडता त्यांची बायको, अंबाबाई, उन्हानं चक्कर येऊन पडली. दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. तिला त्यांनी शेताच्या कोपऱ्यात, जांभळीखाली अग्नी दिला. पुढं तिथं स्वतःच्या हातानं चौथरा बांधला. कमरेएवढा, दगडविटांचा, वर तुळस. दिवेलागणीला तिथं पणती लावायची आणि थोडा वेळ टेकून बसायचं, हा त्यांचा नेम. त्यात कधी खंड पडला नाही.

मुलगा एकच, कुंडलिक. नारायणगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. त्याला शेतीत रस नव्हता, आणि खरं बोलायचं तर वीस गुंठ्यांत तिघांचं भागतही नव्हतं. शेजारच्या जमिनी एकेक करून बिल्डरांकडं गेल्या. शेवटी यांच्याकडंही एक बिल्डर आला. जमीन द्या, बारा फ्लॅटची इमारत उभी करतो, दोन फ्लॅट तुमचे. कुंडलिक महिनाभर वडिलांच्या मागं लागला होता. गेणभाऊ तयार झाले, पण दोन्ही फ्लॅट त्यांनी कुंडलिकच्या नावावर करायला लावले. "माझं काय, आज हाय उद्या नाय," म्हणाले.

त्याच सुमाराला जुन्नरच्या पेठेतल्या आमच्या घरमालकानं आम्हाला जागा सोडायला सांगितलं. वडिलांच्या काळापासून आम्ही तिथं भाड्यानं राहत होतो. मी विकतची जागा शोधायला लागलो. एका ठिकाणी फ्लॅट रिकामा असल्याची पाटी होती. माझं नाव ऐकल्यावर "कालच गेला" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणीही कालच गेला होता. तिसऱ्या ठिकाणी माझी बायको हसीना बरोबर होती. तिच्यासमोरही तेच ऐकावं लागलं.

हे मी गेणभाऊंना बाजारात सहज बोलून गेलो. पुढच्याच आठवड्यात ते मला हाताला धरून बिल्डरच्या ऑफिसात घेऊन गेले. ऑफिस म्हणजे शेताच्या कडेला पत्र्याची खोली. बिल्डर जरा घुटमळला. बाकीच्या गिऱ्हाइकांना विचारावं लागेल म्हणाला. गेणभाऊ खुर्चीवर पुढं सरकले.

"जागा कुनाची व्हती?"

"तुमचीच, बाबा."

"मग माझ्या जागंवर शेजारी कोन ऱ्हानार, त्ये मी बी सांगीन की. ह्यांना मी तीस वर्सं वळखतो. लिवा ह्यांचं नाव."

बिल्डरनं माझं नाव लिहिलं. मग गेणभाऊंनी स्वतःचं काम काढलं. चौथऱ्याचं काय करणार, म्हणून विचारलं.

बिल्डर म्हणाला, "बाबा, तो कोपरा आहे तसाच राहील. कुणी हात लावणार नाही. हा माझा शब्द."

"मग कागदावर घ्या की."

"असल्या गोष्टी कागदावर आल्या की मंजुरी अडते. हे हनीफभाई बसलेत ना साक्षीला." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "ऐकलंत ना, हनीफभाई?"

"ऐकलं," मी म्हणालो.

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. कुंडलिक कामावर गेलेला होता.

इमारत उभी राहिली. गोकुळ रेसिडेन्सी. तीन मजले, मजल्याला चार फ्लॅट. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, गेणभाऊ मुलासुनेबरोबर तिसऱ्या. त्यांचा दुसरा फ्लॅट भाड्यानं दिलेला. बिल्डर सगळे फ्लॅट विकून पुण्याला गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. बारा घरांत मुसलमानाचं घर आमचं एकच, पण दिवस चांगले गेले. गेणभाऊंची सून नूतन हसीनाकडून शिरखुर्मा शिकली. माझी नात इफरा सुट्टीत आली की गेणभाऊंबरोबर चौथऱ्यापाशी जाऊन बसायची आणि तुळशीला तांब्याभर पाणी घालायची. जांभूळ बांधकामात गेलं होतं, चौथरा मात्र राहिला होता.

मग गेल्या वर्षीचा उन्हाळा आला. मार्चमध्येच बोअर आटलं. टँकर मागवायला लागलो. इमारतीची टाकी मागच्या बाजूला, आणि तिकडं जाणाऱ्या वळणावरच चौथरा. रिक्षा तिथून जायची, टँकर जात नव्हता. तो रस्त्यावर उभा राहायचा, त्याचा पाइप टाकीपर्यंत पोचायचा नाही, आणि बायका बादल्या, हंडे घेऊन जिने चढायच्या. हसीनाचे गुडघे आधीच गेलेले. ती दर मजल्याला थांबून भिंतीला टेकायची. नूतन तर तिसऱ्या मजल्यापर्यंत न्यायची. लोकांच्या नजरा चौथऱ्याकडं वळायला लागल्या.

सोसायटीचे चेअरमन धर्माजी गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, हे आजही सांगतो. गेणभाऊंना ते आधी दोनदा समजावून आले. तुळस गच्चीवर ठेवू, छान कुंडी आणू, म्हणाले. गेणभाऊ म्हणाले, "गुरुजी, तुळशीचं न्हाई. तिला तिथं ठिवलंय मी." शेवटी गुरुजींनी रविवारी सकाळची मीटिंग लावली.

शनिवारी संध्याकाळी ते आमच्याकडं आले. हसीनानं चहा केला. माझा थोरला मुलगा अरफात चाकणला कंपनीत आहे. तो तिथं भाड्यानं राहायचा आणि मालक दर अकरा महिन्यांनी नवी खोली शोधायला लावायचा. आमच्या शेजारचा फ्लॅट विकायला निघाला होता. बायकापोरांना इथं आमच्याजवळ आणायचं आणि आपण कंपनीच्या बसनं जाऊन येऊन करायचं, असं त्याच्या मनात होतं. त्यासाठी सोसायटीचं ना-हरकत पत्र लागत होतं. दोन महिने ते गुरुजींकडं पडून होतं.

"पत्र तयार आहे," गुरुजी बशीत चहा ओतत म्हणाले. "दोघातिघांनी कुरबुर केली, पण मी म्हटलं, हनीफभाई म्हणजे सगळ्यांबरोबर चालणारी माणसं. उद्याची मीटिंग नीट पार पडू द्या, लगेच सही करतो."

एवढंच बोलले. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. जाताना हसीनाला गुडघ्याला लावायचं तेलही सांगून गेले.

ते गेल्यावर हसीना म्हणाली, "तुम्हाला विचारतील उद्या."

"कशाला विचारतील?"

"त्या दिवशी तुम्ही होता ना तिथं."

ती कप उचलून आत गेली.

रविवारी दहा वाजता खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. गेणभाऊ धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. गुरुजींनी जमिनीच्या कराराची प्रत वाचली. सगळी जागा इमारतीची, चौथऱ्याचा कुठं उल्लेख नाही. गेणभाऊ उठून उभे राहिले.

"बिल्डरनं शब्द दिल्याला. कोपऱ्याला हात लावनार न्हाई म्हनला व्हता."

"नाना, ते कागदावर कुठं आहे?" कुणीतरी गेणभाऊंना विचारलं.

"तोंडानं म्हनला. हनीफभाई व्हतं संगट. हनीफभाई, सांगा की ह्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कुंडलिकनंही. गेल्या वर्षा-दोन वर्षांत गेणभाऊ बारीकसारीक विसरायला लागले होते. गॅस चालू ठेवायचे, चप्पल दुसऱ्याच्या दारात सोडून यायचे. कुंडलिकला वाटत होतं, हा शब्दबिब्द नानांच्या मनाचाच खेळ. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, कारण खरं काय ते फक्त मीच सांगू शकत होतो.

गुरुजींच्या मांडीवर फाइल होती. मला तीच दिसत होती.

"लई दिवस झाले," मी म्हणालो. "मला नीट आठवत नाही."

गेणभाऊंनी ऐकलं नसावं असं वाटून मी परत म्हणालो, "नाही आठवत, गेणभाऊ."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. बाजारात गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा आणि जवळ गेल्यावर तो दुसराच निघावा, तसं त्यांचं तोंड झालं. मग ते हळूच खाली बसले.

गुरुजींनी मतं मागितली. एकेक हात वर गेला. गेणभाऊंनी नाही म्हणून हात वर केला, तेव्हा गुरुजी अवघडून म्हणाले, "नाना, मत फ्लॅटमालकाला असतं. तुमचे दोन्ही फ्लॅट कुंडलिकच्या नावावर आहेत."

"जमीन माझी व्हती," गेणभाऊ म्हणाले.

कुंडलिक पायांकडं बघत बसला होता. त्यानं एकदा जिन्याकडं पाहिलं. तिथं नूतन रिकामी बादली घेऊन उभी होती. मग त्यानं हात वर केला. त्यानंतर मी केला.

चौथरा पाडायला मंगळवारी जेसीबी येणार होता. सोमवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर गेणभाऊ कुदळ घेऊन तिथं उभे. आधी त्यांनी तुळस मुळासकट काढून गोणपाटात गुंडाळली. मग एकेक वीट सुटी करायला लागले. कुंडलिक धावत खाली गेला, हातातली कुदळ घ्यायला लागला. त्यांनी त्याला हातानंच बाजूला केलं. दुपारपर्यंत त्यांनी सगळा चौथरा उतरवला, विटा कुंपणाला लावून रचून ठेवल्या, आणि खालची माती पोत्यात भरली. मी खाली जावं म्हणून दोनदा चप्पल घातली. दोन्ही वेळा दारातून परत फिरलो.

संध्याकाळी डिंगोऱ्याहून त्यांचा चुलतभाऊ पिकअप घेऊन आला. गेणभाऊ पोतं, तुळस आणि कपड्यांची एक पिशवी घेऊन त्यात बसले. नूतन रडत होती. चार दिवस राहून येतील असं सगळ्यांना वाटलं.

ते आले नाहीत. टँकर थेट टाकीपर्यंत जायला लागला. हसीनाला बादली उचलायची गरज राहिली नाही. अरफातचं पत्र आठवड्यात मिळालं आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत तो शेजारी राहायला आला. त्याच्या इफरानं आल्या आल्या विचारलं, "आजोबा कुठं गेले?" मी सांगितलं, गावाला.

बाजारात मी वाट बघायचो. गेणभाऊ दिसायचे नाहीत. श्रावणात एक दिवस मन घट्ट केलं आणि एसटीनं डिंगोऱ्याला गेलो. चुलतभावाच्या मळ्यात एका खोलीत ते राहत होते. ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. बरेच खंगले होते. मला बघून उठले.

"या पावणं," म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी पावणं म्हटलं नव्हतं. त्यांनी घोंगडी टाकली, आतून पाणी आणलं, चहा सांगितला. पीकपाण्याचं बोलणं झालं. मग मी म्हणालो, "गेणभाऊ, मला आठवत होतं."

"ठाव हाय मला."

"बिल्डरचा शब्द न् शब्द आठवत होता. अरफातचं पत्र गुरुजींकडं अडकलं होतं. मी घाबरलो."

ते शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "तुमी पोराचं बघितलं. मी बी पोराचं बघूनच सही केल्याली. त्येचा राग न्हाई मला."

"मग चला ना घरी. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"आता काय सांगता? हितं बांधावर ठिवलीया तिला. पाऊस बी बरा झालाय, तुळस धरली." टरफलं बाजूला सारत ते म्हणाले, "एक सांगू का, राव? तुमी पुन्यांदा येऊ नका. मनात काय ठिवून बोलत न्हाई. पन तुमाला बघितलं की मला त्या खुर्च्या दिसत्यात, समद्यांची तोंडं दिसत्यात. रात सारी जाती मग."

मी हो म्हणालो. चहा घेतला. रस्त्यापर्यंत ते मला पोचवायला आले, एसटी येईपर्यंत थांबले. गाडी आली तेव्हा त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

खरं म्हणजे त्याच दिवशी घरी येऊन मी तिसऱ्या मजल्यावर जायला हवं होतं. कुंडलिकला सांगायला हवं होतं. गेणभाऊ स्वतःच नको म्हणाले, आता कशाला, अशी मी मनाची समजूत घातली. जिन्यात कुंडलिक भेटला की "चाचा, बरं हाय ना?" म्हणायचा. मी बरं आहे म्हणायचो.

दिवाळीनंतर थंडीत गेणभाऊ गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी उठले नाहीत. मला बाजारात कळलं, तोवर माती होऊन गेली होती. दहाव्याला मी गेलो. नदीकाठी माणसं बसली होती. विधी व्हायला वेळ होता. कुंडलिक मुंडण करून आला आणि माझ्याशेजारी दगडावर बसला.

"चाचा, एक इचारू?"

"विचार."

"नाना शेवटपर्यंत एकच म्हनत व्हते. बिल्डरनं शब्द दिल्याला, हनीफभाईला ठाव हाय. तापात बी त्येच. म्या दर टायमाला सांगायचो, नाना, हनीफचाचा सवता न्हाई म्हनले. मग गप व्हायाचे." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "खरंच दिला व्हता का शब्द?"

आता अडलेलं पत्र नव्हतं, समोर गुरुजी नव्हते.

"दिला होता," मी म्हणालो. "माझ्यासमोर."

कुंडलिकनं डोक्यावरून हात फिरवला. नुकतंच केलेलं मुंडण त्याच्या हाताला नवं लागलं असावं, तो हात तसाच डोक्यावर ठेवून बसला.

"मला वाटलं, नानांना भास व्हतोय," तो म्हणाला. "तुमी न्हाई म्हनलात म्हनून म्या हात वर केला. न्हाईतर केला नसता, चाचा. नूतनला पानी वाहून दिलं असतं म्या सवता, पन हात वर केला नसता."

"माझं चुकलं, कुंडलिक."

"तुमी डिंगोऱ्याला भेटून गेल्यालं, चुलता म्हनला. नानांनी सांगायला पायजे व्हतं मला. न्हाई सांगितलं. तुमच्याबद्दल वाईट कायबी बोलले न्हाईत."

वरून कुणीतरी त्याला हाक मारली. तो उठला, धोतर सावरलं आणि पाण्याकडं गेला. मी विधी संपेपर्यंत थांबलो. जेवायला थांबलो नाही.

घरी आल्यावर हसीनाला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मी त्या शनिवारी बोलायला हवं होतं. मला गुडघे दिसत होते माझे." मग ती उठून नमाजाला गेली.

पुढच्या मीटिंगला मी उभा राहून सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो. गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, हनीफभाई, झालं ते झालं. खालमानेनं बाकीचे बसून होते. कुंडलिक आला नव्हता.

फाल्गुनात त्यानं दोन्ही फ्लॅट विकायला काढले. नूतनच्या माहेरी मंचरला जागा बघितली होती. ज्या दिवशी सामान हलवायचं होतं, त्या दिवशी हमाल एकच आला. लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावरून उतरेना. मी वर गेलो, दुसरं टोक धरलं. कुंडलिकनं एकदा पाहिलं, नको म्हणाला नाही.

आम्ही ते कपाट एकेक पायरी उतरवलं. वळणावर तो म्हणायचा, "जरा डावीकडं घ्या," मी घ्यायचो. दुसऱ्या मजल्यावर टेकवून थांबलो, तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. तेवढ्यात काही बोलता आलं असतं. माझ्या मनात बरंच होतं. पण त्यानं परत कपाटाला हात घातला.

खाली टेम्पोत सामान रचून झालं. नूतन हसीनाच्या गळ्यात पडली. इफराला तिनं बांगड्या दिल्या. कुंडलिक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आपल्याकडं निघताना माणूस "येतो" म्हणतो. "जातो" कुणी म्हणत नाही.

"चाललो, चाचा," तो म्हणाला, आणि टेम्पोत बसला.